रुमालाखाली

५ फेब्रुवारी, सोमवार

फजिती! आणि सगळी माझीच. गुरुपादप्पांच्या डाळमिलची देणी मिटवायला लातूरच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, अकराही देणेकरी व्यापारी माझ्या ऑफिसात बोलावले. बँकेने मुदत वाढवून दिलीय. आता या अकरांनी थोडं थोडं सोडलं तर मिल वाचेल, नाहीतर लिलाव. सव्वीस माणसं आहेत कामाला.

मी हुशारीने भिंतीवर पडदा लावला, त्यावर एकेकाचं नाव, पुढे रकाना — 'किती सोडणार?' सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले आणि चहा संपवून उठले. बोलले ते एकटे मलप्पाशेठ. देणं सगळ्यात मोठं त्यांचंच, एकोणीस लाख. सगळ्यांदेखत गुरुपादप्पांना दिवाळखोर म्हणाले. गुरुपादप्पांनी मान वर केली नाही.

६ फेब्रुवारी

ऑफिस झाडणाऱ्या लक्ष्मीबाई आधी मोंढ्यात धान्य झाडायच्या. पडदा बघून म्हणाल्या, "मोंढ्यात कुणी तोंडानं भाव सांगतंय का, मॅडम?" वीस वर्षं वकिली करून अक्कल आली ती ही अशी.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

रुमाल! आडतीवर रुमालाखाली बोटं दाबून गुपचूप सौदा करायचे तसा. एकेकाच्या गादीवर जाऊन बसले, हातावर रुमाल टाकला. माझं एक बोट दाबलं की देण्यातले दहा टक्के सोडले. बाईमाणसाचा हात धरायला आधी लाजले सगळे! मग कुणी दोन बोटं दाबली, कुणी चार. एकाचं दुसऱ्याला कळणार नाही. करारात नुसती एकूण बेरीज; हप्ता माझ्याकडे येणार, कुणाला किती ते वाटप मी करणार. गुरुपादप्पांनीही हे आनंदाने मान्य केलंय.

मलप्पाशेठकडे शेवटी गेले, जीव मुठीत धरून. त्यांनी माझी पाचही बोटं दाबली. निम्मं सोडलं! मी हात काढायला लागले तर सोडेनात. पुन्हा पाचही दाबली.

म्हणजे सगळंच! म्हणाले, "मी मोंढ्यात आलो तवा पहिलं पोतं गुरुपादप्पानं उधार दिलं व्हतं. अडचण आली तर आधी मला सांगायचं व्हतं, त्याचाच राग हाय. पण ताई, हे तोंडातनं काढू नका. कळलं की वाकंल तो माझ्यापुढं. त्यापरीस मला शिव्या देऊ द्या त्याला."

तोंडातून काढणार नाही, असा मी शब्द दिला. घरी येताना रिक्षात रडले. असल्या माणसांत काम करायला मिळतं, हे माझं नशीबच.

११ मार्च, सोमवार

सगळ्या सह्या झाल्या. मिल सुरू! गुरुपादप्पा पहिल्या भरडीची तूरडाळ घेऊन आले, डोळ्यांत पाणी. सगळ्यांचे उपकार फिटायचे नाहीत म्हणाले, एका मलप्पाचे सोडून. त्याने दमडी सोडली नसेल. तो भेटला तरी गुरुपादप्पा तोंड फिरवतात. मी जीभ चावून डाळ किती वेळ भिजवायची ते विचारलं.

२४ जून

डाळ संपली. लक्ष्मीबाईंना अर्धी दिली होती. गुरुपादप्पांचा हप्ता वेळेवर आला, चौथा.

२० ऑगस्ट, मंगळवार

मलप्पाशेठ गेले. दुपारी त्यांच्या गावी, शिरूर अनंतपाळला माती आहे.

गुरुपादप्पा सकाळीच येऊन बसले. "सगळा मोंढा चाललाय. मला दिवाळखोर म्हणणाराच्या मातीला मी कशापायी जाऊ, ताई?"

मी शब्द दिला होता तो तोंडाचा. रुमाल काढला, त्यांच्या हातावर टाकला. पाचही बोटं दाबली.

आणि पुन्हा पाच.