पहिलं पाऊल घरीच

सोमवार, ४ मार्च
चालली! टिल्ली चालली! कपाटापासून माझ्या गुडघ्यापर्यंत चार पावलं — आणि धप्पकन बसली.

टाळ्या पिटल्या आणि मग तोंडाला कुलूप. वीस वर्षं पाळणाघर चालवतेय, नियम एकच — पहिलं पाऊल आईलाच दिसायला हवं. बिचारी दिवसभर ऑफिसात राबते, तिच्या वाटचं कौतुक मी का खाऊ? संध्याकाळी न्यायला आली तेव्हा एवढंच म्हणाले, "आज पाय फार शिवशिवत होते हिचे."

बुधवार, ६ मार्च
आज खोलीभर हिंडली, बया! घरी पोचेपर्यंत पेंगते, म्हणून आईला अजून पत्ताच नाही. "सोळा महिने झाले हो मावशी, कधी चालणार?" जिभेवर आलं होतं. गिळलं. रविवारपर्यंत दाखवेलच.

गुरुवार, ७ मार्च
अंगणातल्या घसरगुंडीचा हट्ट. नवे रबरी बूट घालून तयार! एकटीला सोडायची माझी छाती नाही. मांडीत घट्ट धरलं आणि दोघी खाली आलो. आल्याआल्या भोकाड पसरलं. झोपेला आली असणार. थोपटलं, झोपली.

शुक्रवार, ८ मार्च
दिवसभर रांगतेय. उभी केली की पाय वर घेते. लहर!

सोमवार, ११ मार्च
लहर नाही ही. पाय चाचपले — सूज नाही, वळ नाही. पण डावा टेकला की ओठ काढते.

आई शनिवारी डॉक्टरांकडे जाऊन आली. "काही मुलं उशिरा चालतात म्हणाले. अठराव्या महिन्यापर्यंत वाट बघू." हसत सांगत होती. ही उशिरा चालणारी नाही, चालून थांबलेली आहे. आणि हे फक्त मला ठाऊक!

मंगळवार, १२ मार्च
आजही नाही सांगितलं. यांच्यापाशी बोलले. पेपर खाली न ठेवता म्हणाले, "तिचं मन मोडेल म्हणून गप्प आहेस, की तुझं नाव जाईल म्हणून?"
चिडले मी. दोन्ही म्हणून! झालं समाधान?

बुधवार, १३ मार्च
सांगितलं. एका दमात.
आई पिशवी धरून उभीच राहिली. "म्हणजे चालली होती? आणि मला—" टिल्लीला बूट घातले, उचलून कडेवर घेतलं. मग म्हणाली, "उद्या तुम्हीच या डॉक्टरांकडे. तुमच्या तोंडाने सांगा." रागावली असती तर बरं झालं असतं.

गुरुवार, १४ मार्च
एक्स-रे काढला. डाव्या नडगीला केसाएवढी चीर. तीन आठवडे प्लास्टर, मग पळेल म्हणाले. जीव भांड्यात पडला.

मग डॉक्टर म्हणाले, "या वयात पुष्कळदा घसरगुंडीवर होतं हे. मोठं माणूस मांडीत घेऊन घसरतं. मुलाचा बूट कडेला अडकतो, वरून मोठ्याचा भार."

"छे हो," आई लगेच म्हणाली, "मावशी किती जपतात! घसरगुंडीवर एकटीला कध्धी सोडत नाहीत—"

आणि थांबली. माझ्याकडे बघत राहिली.