पिरंगुटच्या उलट्या दिशेला

पौड,
६ ऑक्टोबर २०२४

चि. रोहिणी हिस अ. उ. आ.

तुझ्या कानांनी दगा दिल्यापासनं आपलं फोनवरचं बोलणं बंद पडलं, म्हणून ही पत्रं. पोस्टमन मला हसतो. म्हणतो, गावात आता तुमी एकट्याच पत्रं टाकताय.

गेल्या महिन्यात मी कामावरनं निवृत्त झाले. कंपनीनं शाल-नारळ दिला, पॅकिंगच्या पोरींनी फोटो काढले. सगळी नोकरी मी पौड-पिरंगुट सायकलनं केली. तुझे दाजी होते तोवर त्यांची एक आन् माझी एक, दोघं शेजारी शेजारी जायचो, भांडतसुद्धा सायकलवरच. ते गेले तशी वाट मुकी झाली. पण पोचायला एक ठिकाण तरी होतं.

आता सांगते त्याला हसू नको. अजून मी सकाळी आवरते, सायकल काढते आन् कंपनीच्या गेटापर्यंत जाऊन येते. वॉचमन भिवाजी विचारतो, ताई चहा झाला का. मी एक पाय टेकून दोन शब्द बोलते आन् माघारी फिरते. दिवसभरात माणसाशी बोलणं म्हणशील तर तेवढंच.

माया पातळ करू नकोस.
तुझी अक्का, कल्पना


सोलापूर,
१५ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास शि. सा. न.

हसले नाही, रडले. किशोरचाही मेसेज आला होता. आई रिकामीच गेटापर्यंत जाते, रस्त्यावर डंपर धावतात, तिला हिंजवडीला माझ्या फ्लॅटवर आणतो, सायकल कुणाला तरी देऊन टाकतो, असं त्याचं म्हणणं. मी त्याला कळवलं की आईला ने हवं तर, पण सायकलला हात लावायच्या आधी तिला विचार. आपली आई म्हणायची, दाजींनी आधी तुझं सायकल चालवणं पाहिलं, तोंड नंतर. खरं ना?

अक्का, इथे जेवताना सगळ्यांची तोंडं हलतात आणि मी नुसती बघत बसते. म्हणून तुझं कळतं. पण त्या गेटात आता तुझं काय आहे गं?

रागावलीस तरी लोभ असू दे.
तुझी रोहिणी


पौड,
२ नोव्हेंबर २०२४

चि. रोहिणी हिस अ. उ. आ.

तुझा प्रश्न मला झोंबला. उत्तर द्यायच्या आधीच एक झालं. भिवाजी गावी गेला, गेटावर नवा पोरगा आला. त्यानं हिंदीत विचारलं, किससे मिलना है. रोहिणी, मला एक नाव सांगता येईना. मी तशीच फिरले. घरी आले, सायकल भिंतीला लावली आन् चपला न काढताच उंबऱ्यावर बसले.

दोन दिवस सायकल काढली न्हाई. किशोर आला. मी त्याला सांगितलं की फ्लॅटवर चार दिवस येईन, राहायला न्हाई, आन् सायकल कुणाला द्यायची न्हाई. जाताना चाकात हवा तेवढी भरून गेला.

परवा मी निघाले ती पिरंगुटला पाठ करून, ताम्हिणीच्या रस्त्याला. इतकी वर्षं सायकल चालवली, पण त्या अंगाला कधी गेलेच न्हाई, तिकडं काम नव्हतं ना. चढावर दम लागला तिथं उतरून ढकलली. धरणाचं पाणी दिसलं तिथल्या ढाब्यावर चहा घेतला. ढाबेवालीनं विचारलं, संगं कोण हाय. मी म्हटलं, कुणी न्हाई. तिनं अजून अर्धा कप वतला.

येताना मोठा उतार लागला. उताराला तुझे दाजी कायम पुढं असायचे, हात वर करून मला हळू ये म्हणायचे. परवा पुढं कुणी नव्हतं. मी ब्रेक सोडला. पदर फडफडला, डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्यानं का कशानं ते बघितलं न्हाई. लहान पोरीसारखी मोठ्यानं हसले, एकटीच. ऐकायला रस्त्यावर कुणी नव्हतं. तुला तर आता ऐकू येत न्हाई. म्हणून लिहून कळवतेय.

तिकडनं उत्तर येत राहू दे.
तुझी अक्का, कल्पना