उलट पावलांचा नवस

३ मार्च १९५२, सोमवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. पलंगावर बसून बुटांना चरबी लावत होतो, तेवढ्यात घरमालकीण एदेल्मिराबाईंनी चहा आणि गरम पाव आणला. खोली छान आहे. खिडकीतून मँगनीजचा डोंगर दिसतो. बाईंचा नवरा नोल्बेर्तो फार हसतमुख. मी नाव सांगितले तरी हसला. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण मास्तर माझ्या अक्षराचे कौतुक करत. वहीच्या एका ओळीत माझे सात शब्द बसतात.

आई तापात होती तेव्हा बोललेला नवस, ती उठली म्हणून, डिसेंबरातल्या जत्रेत फेडायचा आहे. मेरीमातेपुढे नाचायचे आणि तिच्याकडे पाठ न फिरवता उलट पावली देवळाबाहेर यायचे. नवस चुकला तर ताप परत येतो.

२० एप्रिल. खाणीच्या चक्कीवर, नोल्बेर्तोने आजारपणामुळे सोडलेली जागा मिळाली. काळा दगड दळून पीठ करायचे. ते बॅटऱ्यांत जाते, पोलादात जाते. थुंकीही काळी येते. मुकादम म्हणाला, काजळ लावून पोरी मरतात का रे?

९ ऑगस्ट. झोप फार येते. आज नोल्बेर्तोच्या गालांवरून पाणी ओघळत होते, तरी तो हसतच होता. बाई म्हणाल्या, हे हसू खरं नाही रे पोरा, आतून रडतोय तो. चक्कीच्या धुळीनं चेहरा असा धरून ठेवलाय. तो चवड्यांवर चालतो म्हणून पोरे त्याला कोंबडा म्हणतात. बाईंनी मला दटावले, आजच गाठोडं बांध. पण काम सोडले तर जत्रेत चक्कीच्या कामगारांच्या ताफ्यात नाचता येणार नाही. जत्रा झाली की जाईन.

२ नोव्हेंबर. पितरांचा दिवस. बापाच्या नावाने फुले वाहताना मला हसू आले. आवरेना. लोक बघत होते.
ओळीत अकरा शब्द. अक्षर मुद्दाम बारीक काढत नाही.

१४ डिसेंबर. नाचाचा सराव. पुढे जमते. मागे पहिलेच पाऊल टाकले आणि पाठीवर आदळलो. पोरे ओरडली, नवा कोंबडा आला रे! मीही हसलो. मला हसायचे नव्हते—

१७ डिसेंबर. काम सोडू का, असे डॉक्टरांना विचारले. म्हणाले, सोड, पण जे शिरलंय ते निघायचं नाही. जत्रेला नऊ दिवस राहिले. थांबतो.

२६ डिसेंबर. नाचलो. मग मागे— पडलो. उठलो. पडलो. तीनदा. चौघांनी उचलून नेले. तोंड दाराकडे होते. पाठ मातेकडे— मी ओरडत होतो, मला वळवा. त्यांना वाटले, मी हसतोय.

२९ डिसेंबर. गावाहून तार आली. बाईंनी फोडली. खाली बसल्या. म्हणाल्या, पोरा, तुझी आई—
नोल्बेर्तो हसतो आहे. मीही. तोंड मिटत नाही. ओळीत शब्द किती ते आता मोज