मानेवरचा मळ

मोशी, रविवार

प्रिय विजू,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे चक्क पत्र. चहा ठेव, बस, आणि सगळं वाचून झाल्यावर मगच माझ्याशी भांड.

गेल्या आठवड्यात आमच्या चाकणच्या कंपनीत सगळ्यांची वार्षिक तपासणी झाली. या बाबतीत मी किती तोऱ्यात असते ते तुला माहीत आहे. लग्नातला ब्लाउज अजून होतो, हातपाय काड्या, पोट तेवढं थोडं पुढं आलंय. शेजारच्या टेबलावर पार्ट तपासणारी कस्तुरा अंगानं चांगली भरलेली. रांगेत मी तिला चिडवत होते की आज तुझी काही खैर नाही. तिचं सगळं उत्तम निघालं आणि मला मात्र पुन्हा बोलावलं.

तपासतानाच डॉक्टरीणबाईंचं लक्ष माझ्या मानेवर गेलं होतं. मागची ती काळपट घडी गं. मी म्हटलं, मंगळसूत्राचा डाग आहे, त्यात रोजचं स्कूटीवरचं ऊन. त्यांनी एक जादा तपासणी तेवढी लिहून दिली. काल रिपोर्ट घ्यायला गेले तर साखर नॉर्मल. मी पर्स उचलून निघालेच होते, तर त्यांनी खाली बसवलं. म्हणाल्या, साखर नॉर्मल आहे, पण ती तशी ठेवायला तुमच्या शरीराला भरमसाट इन्सुलिन तयार करावं लागतंय. माझ्या डोक्यावरून गेलं. मग त्यांनी आमच्याच भाषेत सांगितलं की माल वेळेवर निघतोय, पण रोज डबल शिफ्ट लावून, आणि अशी लाइन किती वर्षं चालेल ते तुम्हीच सांगा.

मी विचारलं, डायबेटिस नाही म्हणता, मग हे काय? मला आपलं वाटायचं, चरबी म्हणजे नुसता पडून राहिलेला माल. तर बाई म्हणाल्या, तसं नाही, ती स्वतः हार्मोन्स सोडत असते. काही इन्सुलिनला मदत करतात, काही आडवी येतात. पोटात आतून चरबी साठली की मदत करणारी कमी पडतात आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. वरून बारीक दिसणाऱ्यांचंही असं होतं म्हणे. कस्तुराला सांगितलं तर तीच घाबरली. आवं, तुमी तर चिमणीवानी खाता, एवढंच म्हणत राहिली.

मग मी मानेचं विचारलं. तो मंगळसूत्राचा डाग नाही आणि उन्हाचाही नाही. रक्तात इन्सुलिन फार झालं की तिथली कातडी जाड आणि काळी पडते. विजू, मला एकदम आईची मान आठवली. पदर मानेभोवती ओढून घ्यायची तिची सवय आठवली. आपण म्हणायचो, आईची काळी पोत रंग सोडते. तिची साखर कळली तेव्हा एका डोळ्याची नजर गेली होती. मान कितीतरी वर्षं आधीपासून सांगत होती आणि घरात कुणाला ते वाचता आलं नाही. राग कुणावर काढायचा तेच कळत नाही.

माझं मी बघेन. चालेन, भात कमी करेन, पुन्हा तपासून घेईन. वेळेत कळलं तर सुधारतं असं बाई म्हणाल्या. पत्र त्यासाठी नाही. दिवाळीत तुझ्याकडं राजगुरुनगरला आले होते, तेव्हा न्हाणीघरातून ओवीचं रडणं ऐकू येत होतं. तू उटणं लावून टाचा घासायच्या वजरीनं तिच्या मानेवरचा काळा पट्टा घासत होतीस. तेरा वर्षांची घोडी झाली तरी अंग धुता येत नाही म्हणून ओरडत होतीस. फराळाला ती गळ्याभोवती ओढणी गुंडाळून बसली, थेट आईसारखी. तो मळ नाही, विजू. पोरगी रोज स्वच्छ आंघोळ करत होती. शनिवारी तिला घेऊन ये, मी बाईंची वेळ घेतली आहे. आणि ती वजरी आजच फेकून दे.

तुझीच, धास्तावलेली
दिपालीताई