भाड्यात धरलेली ऊब

आदरणीय दादांना,

वाकून नमस्कार. वहिनींची कंबर आता बरी असावी. तुमच्या बहिणीचं डोकं तिकडे पोचल्यापासून एकदाही दुखलं नाही, असं तुम्ही कळवलंत. ते पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं, ही चूक झाली. माहेरी कुणाचं डोकं दुखतं, एवढं बोलून ती पुन्हा भिंतीला पाठ लावून बसली.

त्या भिंतीबद्दलच लिहायचं आहे. तळमजल्यावर पावाची भट्टी चालवणारे आमचे घरमालक तुम्हाला आठवत असतील. भाडेकरूला घरातले दोष आधी सांगायचे असा नियम आहे, आणि त्यांनी तो असा पाळला की मलाच संकोच वाटला. मोरीचा नळ गळतो, जिन्याची वरची पायरी हलते, खिडकीची कडी अडकते, शेजारचा कुत्रा भुंकतो (कुत्रा त्यांचा नव्हता, तरी सांगितलं), सगळं करारात. असा देवमाणूस शोधून सापडायचा नाही, असं मी म्हणालोसुद्धा. आतल्या खोलीची भिंत गरम का, हे तुमच्या बहिणीने विचारलं, तर म्हणाले, भट्टीचं धुराडं आतून जातं, थंडीत शेगडी लागायची नाही. ही ऊब त्यांनी करारात दोषांत न घालता सोयींत घातली आणि भाड्यातही धरली. आईचे गुडघे खूश झाले. तिची खाट त्याच भिंतीला लागली.

मग तुमच्या बहिणीचं डोकं धरू लागलं, मळमळ सुरू झाली (वहिनींनी घेतलेली शंका निराधार होती), आणि आईने निदान केलं की कामाचा कंटाळा. माझंही डोकं दुखायचं, पण ते मी त्या दोघींच्या खात्यावर टाकत होतो.

परवा आमच्या आधीच्या भाडेकरू, शाळेत शिकवणाऱ्या बाई, राहिलेलं शिलाई मशीन न्यायला आल्या. उंबऱ्याच्या आत येईनात. मशीन मीच बाहेर ओढलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या भिंतीकडे कोण झोपतं?" आई, म्हणालो. त्या जिन्यातच बसल्या (हलणाऱ्या पायरीवर, मी बजावलं होतं). म्हणाल्या, धुराड्याला आतून तडा आहे. त्यातून विषारी वायू खोलीत येतो आणि त्याला वासही नसतो. आईची खाट आहे तिथेच त्यांच्या यजमानांना एका सकाळी जाग आली नाही. डॉक्टरांनी कारण घरमालकांच्या तोंडावर सांगितलं होतं.

मी खाली गेलो. घरमालक पीठ मळत होते. "भिंत गरम का ते विचारलंत, ते सांगितलं. तडा आहे का, असं कुठे विचारलंत?" म्हणाले, आणि मळत राहिले. भट्टी बंद ठेवायला तयार नाहीत. नगरपालिकेच्या कचेरीत तक्रार दिली. पाहणीला माणूस येईल असं साहेब म्हणाले, कधी ते म्हणाले नाहीत.

आणि आई हलत नाही. खाट मधल्या खोलीत ओढली की ती मागे ओढते, खिडकी उघडली की लावते. तिच्या मते वायूबियू सगळं खोटं, कारण ते खरं मानलं तर सुनेचं डोकंही खरंच दुखत होतं असं मानावं लागेल. हल्ली दुपारी हाक मारली तर ती लवकर उठत नाही. काल मला वडील समजून तासभर भांडली (मुद्दे बरोबर होते). दादा, मला फार भीती वाटते.

बाकी सगळं ठीक.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. दुसरं घर मिळेपर्यंत आईला आणि मला तुमच्याकडे जागा द्याल का? सामान बांधलं आहे. आई मात्र म्हणते, सुनेच्या माहेरी पाऊल ठेवणार नाही.

आणखी एक. म्हणून तुमच्या बहिणीने आईला स्वतः लिहावं की डोकं कधी दुखतच नव्हतं, सगळं सोंग होतं, आणि आता तिकडेच मजेत राहणार आहे. तुमच्या बहिणीला हे फार लागेल, आणि मागताना मला लाज वाटते. पण एवढं वाचलं की आई तिला फैलावर घ्यायला मिळेल त्या गाडीने निघेल. आजच लिहायला सांगा. आल्यावर आई जे बोलेल ते तिने ऐकून घ्यावं. निदान बोलायला आई असेल.