नाव घेऊन रडणं

५ जानेवारी, रविवार

ताईबाई आजही नाही म्हणाल्या! पिंप्राळ्यातून रिक्षा, मग धुळ्याची एसटी, पुढे काळीपिवळीत कोंबून त्यांचं खेडं — आणि हाती काय, तर चहा. चहा झकास होता, ते एक सोडा.

मी म्हटलं, अक्का, कुणी गेलं की तुम्ही जे रडता ना, ते म्हणून दाखवा, मला रेकॉर्ड करायचंय. तर विचारतात, "मरेल कोन शे?" म्हणजे मेलंय कोण? म्हटलं, कुणी नाही, अभ्यासासाठी. हसल्या. "अभ्यासना रडनं? बिगर नावनं रडता येत नही, माय. नाव लई ये, मंग बठ."

घ्या! खान्देशातल्या बायकांच्या विलापावर माझी पीएच.डी., आणि विलाप करणारी म्हणते, आधी मेलेला आण. त्यांच्यासारखं शब्दाला शब्द जोडून रडणारं आता आसपास कुणी उरलं नाही, म्हणून तर ही मनधरणी.

८ जानेवारी

सरांना सांगितलं. "रेकॉर्डिंग नसेल तर तिसरं प्रकरण कशावर उभं करणार मेघाताई? ऐकीव माहितीवर?" त्यांचं बरोबरच आहे. राग आला तो आलाच.

विद्यापीठात आम्हा संशोधकांच्या खोलीत नेहमीचा बाजार. सैफ मेहरूण तलावाचं पाणी बाटल्यांत भरून आणतो, त्यात प्राणवायू किती ते बघतो. बाटल्या ठेवतो फ्रीजमध्ये, आमच्या डब्यांना खेटून, म्हणून शिव्या खातो. महेकचं अर्थशास्त्र — घरी पापड लाटणाऱ्या बायकांची मजुरी. ती प्रश्न विचारायला जाते आणि बायका तिच्या हातात लाटणं देतात. आणि मी ही अशी. शिपाई म्हणतो, "एका खोलीत पाणी, पापड अन् मयत!"

सैफ म्हणाला, "ताई, माझं पाणी बरं, कुणासाठी तपासतोस म्हणून विचारत नाही." खूप हसलो.

१४ जानेवारी, संक्रांत

आईने तीळगूळ वाटला गल्लीभर. एक बाई दारातच म्हणाली, "प्रमिलाबाई खरंच घट्ट हो." मला हा शब्दच सहन होत नाही. घट्ट म्हणजे काय? दही आहे का ती?

कुंदनला जाऊन एप्रिलमध्ये चार वर्षं होतील. माझा धाकटा भाऊ. दुसऱ्या लाटेत, नाशिकला, दवाखान्यात. तिकडच्या तिकडेच सगळं उरकलं. चेहरा दिसला नाही, घरी आणलं नाही, दारात बायका बसल्या नाहीत. आमच्या घरी कुणी रडलंच नाही! आणि त्यानंतरही आई माझ्यासमोर एकदाही रडली नाही. त्याचं नावसुद्धा काढत नाही. भाकरी थापते, मालिका बघते, झोपते.

दुसऱ्या प्रकरणात मी लिहिलंय — विधी चुकला की शोक आत तुंबून राहतो, माणूस कोरडं पडतं. त्यात "एक वृद्ध माता" म्हणून जी आहे, ती आईच. सर म्हणाले, निरीक्षण उत्तम. उत्तम! तिला एकदा तरी रडवलं पाहिजे. प्रबंध होवो न होवो, हे झालंच पाहिजे. नाहीतर ही अशीच आतल्या आत संपून जाईल आणि मी बघत राहीन.

१५ जानेवारी

मी बरी आहे. कुणी विचारत नाही, म्हणून लिहून ठेवते.

१९ जानेवारी, रविवार

मिळालं!! अखेर मिळालं!

जाऊन बसले आणि म्हटलं, अक्का, नाव आणलंय. कुंदन. दुसरं काही सुचलं नाही इतकंच. "तुना कोन?" भाऊ. "कसा गया?" सांगितलं थोडक्यात. ताईबाईंनी पदर पुढे ओढला, एक हात कपाळाला, आणि जो काय सूर निघाला त्यांच्या पोटातून —

"मना कुंदन भाऊ रे,
कोनी पाजं रे तुले पानी,
बहीनना हात नही लागना रे
तुना तोंडले, मना भाऊ रे..."

विलाप आईच्या नव्हे, बहिणीच्या तोंडचा. महत्त्वाचं निरीक्षण. तिथेच टिपून ठेवलं.

आणि मग घोटाळा झाला. आवाज ऐकून शेजारच्या बाया आल्या. त्यांच्याकडे रीतच ती — रडणं कानावर आलं की हातातलं टाकून यायचं, कोण काय विचारायचं नाही, बसायचं, आणि ज्याचं माणूस गेलं त्याच्या गळ्यात पडायचं. ताईबाईंनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. झालं! एका म्हातारीने मला सरळ पोटाशी धरलं आणि हंबरडा फोडला. माईक तिच्या लुगड्यात दबला. मी एका हाताने तो सोडवतेय, दुसऱ्या हाताने तिला थोपटतेय. अहो, अभ्यासासाठी आहे हे, अभ्यासासाठी — कोण ऐकतं? "रड व माय, रड," हेच चाललेलं. कुठून रडू? सगळं लक्ष माईककडे!

मधला बराच भाग नुसती लुगड्याची खसखस. वाया गेला. पण सुरुवात स्वच्छ आहे.

परतीच्या गाडीत थंडी वाजत होती. काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे असेल.

२१ जानेवारी

सर खूश. फक्त म्हणाले, नियमाप्रमाणे नाव बदला, मृताचंही. "क्ष लिहा." लिहून बघितलं — मना क्ष भाऊ रे. दिवसभर हसू येत होतं. महेक म्हणाली, काय झालं गं, वेडी झालीस का?

२५ जानेवारी

आज आईला ऐकवलं. मुद्दाम. ती मेथी निवडत बसली होती. मी फोन समोर ठेवला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आता फुटेल, आता फुटेल...

ती फोनकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. सगळं संपेपर्यंत. मग म्हणाली, "तुझ्यासमोर रडली ती बाई?" हो. "आणि तू?" मी काय, मी रेकॉर्ड करत होते! तर मेथीची जुडी उचलली. "गाव कोणतं म्हणालीस तिचं?" सांगितलं. "जेवून घे."

संपलं. पोटच्या पोराचं नाव घेऊन कुणीतरी असं रडतंय, आणि ही जेवून घे म्हणते. दगड! मला इतका राग आला की ताट तसंच ठेवून उठले. आता हिला कोण रडवणार, आणि कसं?

८ फेब्रुवारी, शनिवार

धुळ्याला चर्चासत्र. मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं, पर्यावरण — सगळं एकाच मांडवात. एकाने गोधडीच्या टाक्यांवर वाचलं, एकीने एसटीने शिकायला जाणाऱ्या मुलींवर, एक गृहस्थ तापीच्या वाळूवर बोलायला उठले ते खाली बसेचनात. सैफचं पाणी लोकांना आवडलं. मग मी.

मोजकं ऐकवलं. नावाची ओळ आली की आवाज बारीक करायचा, असं ठरवून गेले होते आणि तसंच केलं. एकदाही चुकलं नाही. स्वतःचंच कौतुक वाटलं. पहिला प्रश्न — "नमुना किती? एकच बाई?" दुसरे म्हणाले, चाल छान आहे, एखाद्या कार्यक्रमात बसवता येईल. मी धन्यवाद म्हणाले. गुच्छ घेतला. जेवणात भरीत होतं, फार तिखट.

येताना सैफच्या गाडीवर आले. पारोळ्याला चहाला थांबलो, तेव्हा हळूच म्हणाला, "ताई, बारीक केलं तरी ऐकू आलं मला. तुमच्या भावाचं नाव आहे ना ते?" मी म्हटलं, माहितीदात्याने घेतलेलं नाव आहे. त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "अब्बू गेले तेव्हा मी महिनाभर नुसतं पाणी तपासत होतो. रोज. काय तपासतोय तेही कळत नव्हतं."

तुझं ठीक आहे रे, म्हटलं, माझा प्रश्न आईचा आहे.

घरी सोडलं तेव्हा तो आत आला, आईच्या पाया पडला. मी तोंड धुवायला गेले. बाहेर आले तर दोघं काहीतरी बोलत होते, मला बघून थांबले.

९ फेब्रुवारी

ताप आहे. प्रकरण तीन पूर्ण करायचंय.

१० फेब्रुवारी

उठले तर आई घरात नाही! फोन इथेच. शेजारी विचारलं तर म्हणे धुळ्याच्या गाडीला गेली, सकाळीच, पिशवी घेऊन. धुळ्याला आमचं कोण आहे? या वयात, एकटी, न सांगता!

ताईबाईंकडेच गेली असणार. दुसरं कुठे? म्हणजे लागलं तर तिला! वरून दगड, पण आत लागलं. मी उगाच बोलले तिला. येऊ दे. रडू दे पोटभर. मी जवळ बसेन.

११ फेब्रुवारी

ताईबाईंना घेऊनच आली. मी खोली आवरली, सतरंजी घातली, आईसाठी भिंतीशी उशी लावली. ताईबाई पदर ओढून बसल्या त्या माझ्यासमोर. मी म्हटलं, अक्का, इकडे नाही, आईकडे.

आई माझ्या पाठीवर हात ठेवून बसली. कुंदन गेला त्याच महिन्यात मागच्या गल्लीतल्या एका बाईकडे रोज जाऊन रडायची म्हणे आई. मला दिसू दिलं नाही, माझी परीक्षा होती.

"मनं रडनं कव्हयच व्हई गयं, ताईबाई," आई म्हणाली. "इनं रडनं ऱ्हाई गयं."