डेन्मार्कचा तिसरा पाहुणा

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या सर्वांत धाकट्या आणि सर्वांत बिनकामाच्या भाच्याचा, एलिसांतेचा, डोंगराखालच्या मोशी शहराच्या बसस्टँडवरून वाकून नमस्कार. तुझं खुब्याचं हाड कसं आहे? लग्नाला नेलं नाही म्हणून खाटेवरून सगळ्या आळीला शिव्या घालतेस असं बाजारात कळलं, म्हणजे सुधारतंय. चष्मा लाव आणि हे पत्र स्वतः वाच. शेजारच्या मान्काला वाचायला दिलंस तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या डोंगराला पाठ होईल.

तर गॉडलिसनदादाच्या लग्नाची हकिकत. आधी स्पष्ट सांगतो, मी काही मुद्दाम गेलो नव्हतो. मी सध्या डोंगर चढायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांची ओझी वाहतो (त्याआधी म्वान्झाला सरोवराकाठी मासे सुकवत होतो, तिथे एका मांजरीने माझा बूट पळवला ती गोष्ट फार मजेची आहे, पण ती नंतर). दादा शिकायला डेन्मार्कला गेला होता तेव्हा ज्यांच्या घरी राहिला, ते बेन्ट आणि लिस्बेथबाई लग्नासाठी आले होते. त्यांना दुभाषा हवा होता, मला जेवण हवं होतं. लग्न कुणाचं हे मला त्यांचं कार्ड हातात आल्यावर कळलं. योगायोग, दुसरं काय! माझा शर्ट मळका म्हणून बेन्टसाहेबांनी आपला कोट दिला. ते उंटाएवढे, त्यामुळे माझे हात दिवसभर बाह्यांच्या आतच राहिले.

चर्चमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो. आपली सगळी माणसं पुढे, एकाच निळ्या कापडाचे कपडे शिवून. सहा वर्षांत लहान पोरं एवढी वाढली आहेत की मला फक्त कान ओळखू आले (आपल्या घराण्याचे कान, त्याला काय करणार). पाद्रीबाबांनी प्रवचन इतकं लांबवलं की बेन्टसाहेब दोनदा झोपून दोनदा उठले. मग टेम्पोवर चढून बँडवाले पुढे, गाड्या मागे, असे सगळे हॉलवर गेलो. दारात हॅपीनेसवहिनीचे मामा कार्डं तपासत होते.

"कार्ड दोघांचं आहे. माणसं तीन."

म्हटलं, "तिसरा दुभाषा आहे."

"दुभाषा जेवतो का?"

"जेवतो."

"मग पाहुणाच की! जा, परदेशी टेबलावर बस."

तिथे फक्त आम्ही तिघं. सूत्रसंचालकाने माइकवर ओरडून सांगितलं, "खास डेन्मार्कहून आलेले आपले तीन पाहुणे! उभे राहा, लोकांना दिसू द्या!" आत्या, मी उभा राहिलो. तीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या, काकूंनी जिभा हलवून ललकारी दिली. तिकडून आपला फ्रेडी ओरडला, "अरे, हा डेन्मार्कवाला आपल्या एलिसांतेसारखा दिसतो रे!" आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, "उन्हात राहिला असेल!" हॉल खदखदून हसला. मीही हसलो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावं तसं, आणि मान वळवली.

मग तोंडात हिरवा पाला धरलेला भाजका बोकड आला. दादा-वहिनी एकेकाला नावाने बोलावून ज्याचा त्याचा तुकडा भरवत होते. बाबा, आई, काका, मामा. शेवटी शेंडेफळाचा खांद्याचा तुकडा. सूत्रसंचालकाने विचारलं, "धाकटा कुठाय?" दादाने आमच्या टेबलाकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "तो बाहेरगावी असतो." तुकडा ताटातच राहिला. बेन्टसाहेबांनी मला विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, बोकड चविष्ट आहे म्हणाले.

मला काही वाटलं नाही. सगळा डोंगर जाणतो, बापाचं घर आणि केळीची बाग शेंडेफळाची. आणि सगळा डोंगर हेही जाणतो की शेंडेफळ बापाला म्हणालं होतं, "तुमच्या केळीखाली कुजायला मी जन्मलो नाही." म्हणालं आणि बसमध्ये बसलं. त्यामुळे वाटण्यासारखं काही नव्हतंच.

आता खरी गंमत. हॉलच्या कुंपणावर इसाले लावलेलं आहे. लिस्बेथबाईंना त्याची लांब पानं आवडली, एक तोडून त्यांनी भेटीच्या चादरीवर बांधलं. गाठ मारून. मला लहानपणी तूच सांगितलं होतंस, गाठ मारलेलं इसालेचं पान पुढे धरलं की समोरच्याला माफ करावंच लागतं, मग खून का झालेला असेना. आमचं टेबल नाचत पुढे गेलं (बेन्टसाहेबांचं नाचणं म्हणजे शिडी चालवत नेल्यासारखं), चादर बाबांच्या हातात पडली, त्यांनी पान पाहिलं आणि हात वर केला. बँड थांबला.

बाबा माझ्याशी बोलले, आत्या. सहा वर्षांनी. म्हणाले, "दुभाष्या, बाईंना विचार, त्यांचा गुन्हा काय?"

मी विचारलं. त्या म्हणाल्या, काही नाही, पान सुंदर होतं. मी खाली बघून सांगितलं, "त्यांना पान आवडलं."

बाबांनी गाठीवरून अंगठा फिरवला. "एवढंच?"

"एवढंच."

"मग सांग त्यांना, माफ केलं. पाहुण्यांवर कुणी राग धरतं का!"

सगळे हसले, बँड सुरू झाला, लिस्बेथबाईंनी बाबांचा मुका घेतला आणि बाबा लाजले. मग पिलाव झाला, केक झाला. मी दोन ताटं जेवलो. परत येताना गाडीत लिस्बेथबाई म्हणाल्या, केवढं प्रेमळ कुटुंब आहे. मी म्हटलं, हो, ऐकून आहे. एकूण मजेत पार पडलं. मी अगदी आनंदात आहे, काळजी नसावी. आईला माझा नमस्कार सांग, पण कुणाचा ते सांगू नकोस.

तुझा,
एलिसांते

ता. क. योगायोग वगैरे काही नव्हतं. चर्चच्या फळ्यावर लग्नाच्या सूचनेत दादाचं नाव वाचल्यापासून तीन आठवडे मी, परदेशी पाहुणे उतरतात त्या विश्रामगृहाच्या आचाऱ्याची भांडी फुकट घासत होतो, डेन्मार्कचे पाहुणे आले की मलाच सांगावं म्हणून.

ता. क. दुसरा. लिस्बेथबाईंनी पान नुसतंच खोचलं होतं. गाठ मी मारली. बाबांनी "एवढंच?" विचारलं तेव्हा सांगायला हवं होतं, पण कोटाच्या बाह्यांतून हातच बाहेर येईनात.

ता. क. शेवटचा. या पाकिटात एक पान आहे, मोडलं नसेल तर. काठी टेकत का होईना, बाबांकडे जा आणि हे त्यांच्या हातात दे. परदेशी टेबलावरचं नाही म्हणून सांग. रविवारपर्यंत मी स्टँडवरच्या चहावाल्याकडे आहे. त्यांनी माफ नाही केलं तरी चालेल, आत्या. नुसता राग धरायला सांग. पाहुण्यांवर तो कुणी धरत नाही.